हाडाआधीचं रक्त

अकरावीच्या एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की गर्भात रक्तपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून तयार होतात. मी तिचे दोन गुण कापले. तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? तिला वर्गात उभं केलं आणि म्हटलं, "नळातून पाणी येतं. नळ पाणी तयार करतो का? रक्त हाडांतल्या अस्थिमज्जेत तयार होतं." वर्ग खो-खो हसला. सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी ती पोरगी त्या दिवसापासून गप्प झाली.

पुढच्याच आठवड्यात एक नवं पुस्तक चाळताना माझी चांगलीच जिरली. गर्भाला हाडं नसतात तेव्हाही रक्त असतंच. मुख्य धमनीच्या आतल्या भिंतीतल्या काही पेशी गोल होतात, भिंत सोडतात आणि रक्ताच्या मूळ पेशी बनून वाहू लागतात. वाहत्या रक्ताचा रेटाही त्यांना त्यासाठी ढकलतो म्हणे. म्हणजे मुलगी बरोबर, मी गाढव. पण बावीस वर्षं फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईची 'चुकले' म्हणायला जीभ वळत नाही. मी प्रात्यक्षिकाचं सोंग काढलं. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ दाखवायचा आणि माफीचं परस्पर उरकून टाकायचं.

गंगापूर रोडवरच्या दुकानातून डझनभर पांढरी अंडी आणली, तीन दिवस उबवली. फोडली तर नुसता बलक. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, नांदगावकडच्या मावशी पोट धरून हसल्या. "म्याडम, ह्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाह्यला नाय. पिल्लू कुठून यील?" प्राणिशास्त्राची पदवी माझी आणि अक्कल त्यांची. शेवटी त्यांनीच गावाकडून गावरान अंडी आणून दिली.

पुन्हा तीन दिवसांनी कवचाला खिडकी पाडली. बलकावर लाल धाग्यांचं जाळं आणि मधोमध उडणारा ठिपका. भिंत सोडणाऱ्या पेशी अर्थातच नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. ती मुलगी वाकून बघत होती.

"रक्त दिसतंय?" मी विचारलं. तिने मान डोलावली.

"हाड?" तिने मानेनेच नाही म्हटलं.

आता मात्र मला लाज वाटली. "तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "मी चुकले, आणि वर तुझीच चेष्टा केली."

वर्ग हसला, या वेळी मला. ती हसली नाही. ठिपक्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "मॅडम, हे हृदय थांबलं, तर भिंत पेशी तयार करायची थांबेल?"

इतक्या दिवसांनी तिचा प्रश्न ऐकून मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"माहीत नाही गं," मी म्हटलं आणि तिच्याशेजारी वाकले.