गावच्या जावयाचा पट

दिघोरीच्या तुलारामला एकच मुलगी, देवका. तिच्यासाठी त्याने बपेऱ्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा घरजावई म्हणून आणला. भैय्यालाल त्याचं नाव. तागडी झकास धरायचा, बैलाच्या मात्र शेपटीलाही हात लावायचा नाही. जीभ तेवढी चारचौघांच्या पुढे धावायची.

शहात्तर साली बैलजोड्यांच्या शर्यतींचा पट भरला आणि ऐन वेळी तुलारामचा खांदा निखळला. तीस वर्षं पटात जोडी हाकणारा धुरकरी तो. भोवती बसलेले त्याचे सोबतीही तसलेच. एकाचाही गुडघा न् बरगडी धड नव्हती. त्यांच्यात भैय्यालाल फुशारकीने म्हणाला, "मी हाकतो ना, मामाजी!"

आता जावयाला नाही म्हणणार कोण? गावचा जावई, म्हणजे सगळ्या गावाच्या मानाचा. चढवला शर्यतीच्या हलक्या छकडीवर.

जोडी सुटली. चाकं जमिनीला टेकेनात, माणसांच्या भिंती अंगावर येऊ लागल्या. निम्म्या वाटेत त्याने कासरा सोडला आणि चक्क उडी टाकली. धुरकरी पडला की जोडी बाद. धुळीने माखून तो उठला तेव्हा धोतर ओलं झालं होतं.

तो काही बोलायच्या आत तुलारामच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कासरा तुटला. जुना होता, माजीच चूक."

भैय्यालालने मान डोलावली. उडीपेक्षा हे मान डोलावणंच त्याला पुढे वर्षभर खात राहिलं. कुजका कासरा देणारा धुरकरी म्हणजे धुरकरी कसला! आणि त्या म्हाताऱ्याच्या घरी हा ताटभर भात जेवत होता. देवका वर आणखी आग्रहाने वाढायची.

पुढच्या पटाला परगावचा एक धुरकरी तुलारामला पाहून ओरडला, "काहो, यंदा कासरा नवा आनला का जुनाच हाये?"

लोक हसले. तुलारामही हसला. ते हसू भैय्यालालला बघवलं नाही. सगळ्या जुन्या गड्यांसमोर तो उभा राहिला.

"कासरा तुटला नोता," तो म्हणाला. "मी भेलो. भेऊन उडी मारली. मामाजी मायासाठी खोटं बोलले."

कोणी चकित झालं नाही. म्हातारा मंगरू, सगळ्यांत जुना धुरकरी, घोंगडीवरची धूळ झटकत म्हणाला, "आमाले मालूम हाये, जवाईबापू. सबनायनं पाहिलं होतं. पन गावच्या जवायाले कोन बोलन? बसा इकडं सावलीत, पट पाहा."

म्हणजे वर्षभर सगळ्यांना ठाऊक होतं! तरी पारावर जागा दिली, पंगतीत पहिलं पान मांडलं. भैय्यालालला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. एकाने तरी शिवी द्यायची होती.

तो घोंगडीवर बसला नाही. "मामाजी, जवाई मनून मान देऊ नका," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "शिव्या द्या. पन मले एक डाव चढू द्या."

तुलारामने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग कासरा त्याच्या छातीवर फेकला.

"चढ बे, भेकाडा!"