उपाशीपोटी दिलेली गोळी

यांची शुगर उतरावी म्हणून मी पाच संकष्ट्या बोलले, आणि हट्ट असा की दोघांनीही त्या कडकडीत धरायच्या. यांचं वय पंच्याहत्तरच्या घरात, तरी बिचाऱ्यांनी माझ्यापुढे मान तुकवली. तिसऱ्या संकष्टीला सकाळी बोटाला सुई टोचली, तर आकडा कधी नव्हे इतका खाली. मी त्या यंत्रालाच हात जोडले. मग बिनसाखरेच्या चहाबरोबर नेहमीची गोळी दिली. उपासाला अन्न चालत नाही, औषध चालतं, एवढीच माझी अक्कल. ही गोळी उपाशीपोटी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाटलं, देव आहे की.

दिघीपलीकडच्या माझ्या माहेरच्या गणपतीला जायला आम्ही आगरदांड्याहून फेरीबोट धरली. बोट सुटली आणि हे उगाच चिडायला लागले. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता. मी फणकारले, “उपास झेपत नव्हता तर तसं सांगायचं.” मग यांनी मलाच विचारलं, “तुम्ही कोण?”

समोरच्या बाकावरची बुरख्यातली बाई उठून आली. “चाचांना शुगर हाय काय? सकाळपासून काय खाल्लंय?” तिने पिशवीतून गोड सरबताची बाटली काढली. आणि मी, लिहायलाही लाज वाटते, तिचा हात अडवला. म्हटलं, चंद्र उगवेपर्यंत त्यांना काही चालत नाही. ती आवाज न चढवता म्हणाली, “माझ्या अब्बांनी रोज्यात पहाटेचं न खाताच गोळी घेतली. मीच दिलेली. ते उठले न्हायत.” मग मीच बाटली यांच्या ओठांना लावली. शुद्ध होती, गिळता येत होतं, एवढं नशीब.

बोट दिघीला लागेपर्यंत यांनी मला ओळखलं. त्या बाईने यांना बिस्किटं खायला लावली, दवाखान्याच्या रिक्षात बसवलं आणि ती निघून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही. डॉक्टरांनी गोळी कमी केली. म्हणाले, या वयात साखर थोडी जास्त असलेली चालेल, पण अशी एकदम उतरली तर माणूस हातचा जातो.

मी देवाला शरण गेले असं समजत होते, खरं तर त्याला अटी घालत होते. त्याने त्या बाईला आमच्या बोटीत बसवलं, हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. राहिलेला नवस मी त्याच्या पायाशी सोडून दिला. पण हल्ली गोळी पुढे केली की हे आधी माझ्याकडे बघतात आणि विचारतात, “मी जेवलोय ना गं?” इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातचं घेताना यांनी कधी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हणते, आणि यांचं खरकटं ताट दाखवते.