राखेतला ब्रॅकेट

लग्नाचा पलंग दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि राजपुऱ्यातल्या माझ्या फर्निचरच्या कारखान्यात जुन्या रंधा मशीनचा बिडाचा ब्रॅकेट तुटला. धूलकोट गावाहून बोलावलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तो पितळेने जोडला, समोरच्या जलेबीवाल्याच्या भट्टीतली राख आणून तिच्यात पुरला आणि वर पावभर जलेबीही मागवली. उशीर होतोय म्हणून ओरडत मी पाण्याची बादली उचलली, तसा त्याने पाय आडवा घातला.

"पाणी मारलं तर तडकेल, शेठ. आरामसे थंड होऊ द्या. तुम्ही पण व्हा."

बोटं चाटत तो राखेपाशी बसून राहिला, तापलेल्या पोराजवळ बसावं तसा. संध्याकाळी मशीन सुरू झालं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता कारखान्यात काही तुटलं, की ओरडण्याआधी मी जलेबी मागवतो.