हिरव्यावरचा काळा

बहिणीच्या लग्नाच्या सुपारीत वडिलांनी नवऱ्यामुलाला नवी सायकल कबूल केली आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. घरात होती ती माझी जुनी, हिरवी. मीच फुशारकी मारली, "आबा, काळजी करू नगा. हिलाच अशी काळी करतो, दुकानवाला बी फसंल."

काय अवदसा आठवली होती मला!

पौडहून रंगाचा डबा आणला. रंग निघाला दाट. त्यात टर्पेंटाइन घालायचं असतं हे ठाऊक होतं, पण ते आणायला पुण्याला कोण जाणार? चुलीपाशी रॉकेल होतं, तेच ओतलं. झालं! दांडीवरून रंगाचे ओघळ उतरले. त्यातच शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चाललेली, सगळी तुसं उडून सायकलीला चिकटली. एकेक तूस सुईनं काढत बसलो, तर निघेल तिथं खड्डा पडे. पॉलिशपेपर मारावा तर रंग ओलाच. चार दिवस उन्हात ठेवली तरी बोट लावलं की ठसा उठे. लग्न तीन दिवसांवर आलेलं. मला रडूच कोसळलं.

पाचव्या दिवशी जरा वाळल्यासारखी वाटली म्हणून घासायला बसलो, तर पुढच्या दांडीवर कुंकवाची पाच बोटं ओढलेली! आईनं नव्या वस्तूची पूजा केली होती. ओल्या रंगात कुंकू पार रुतलं होतं. मी तिथं कागद टेकवला तशी आई धावत आली.

"बहिणीच्या लग्नात कुंकू खरवडतोस? हात कसा उचलतो रं तुजा?"

"आये, अगं रंग खराब दिसतोय तितं."

"दिसू दे. पुसायचं न्हाई म्हंजे न्हाई."

तेवढी जागा सोडून बाकी सगळं घासलं आणि दुसरा हात मारला.

अक्षता पडल्यावर मुलाच्या चुलत्यानं सायकलीवरून हात फिरवला. कुंकवापाशी खडबडीत लागलं. त्यानं नख मारलं. काळं सालपट निघालं आणि आतला हिरवा रंग वर आला.

"आरं, ही तर जुनीच हाय! रंगवलेली!"

सगळा मांडव हसला. वडिलांना मान वर करवेना. बहीण मुंडावळ्यांआडून माझ्याकडे बघत होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण उभा राहिलो तिथंच, दगडासारखा.

संक्रांतीला ती माहेरी आली. मी विचारलं, "सासरी कसं हाय गं?"

"लई बरं हाय, दादा."

दोन दिवसांनी तिला न्यायला धाकटी नणंद आली. वहिनी म्हणायचं ते सोडून पोरगी दारातूनच ओरडली, "अगं ए रंगवलेली, चल की, उशीर होतोय!"

आणि माझी बहीण त्या नावाला ओ देऊन उठली.