हरताळ आणि अरिदारम

चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनवर मला घ्यायला तारा आली होती आणि मी तिला ओळखलंच नाही. मिरजेत आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. लग्न होऊन ती तंजावरकडच्या मराठी कुटुंबात पडली, त्यानंतर फोनवरचं बोलणं तेवढं उरलं. समोर उभ्या बाईच्या नाकात दोन्हीकडे चमक्या होत्या, केसांत मल्लिगैचा (मोगऱ्याचा) भरघोस गजरा.

"बघतेस काय अशी? चल, ऊन चढायच्या आत," ती म्हणाली, तेव्हा आवाजावरून पटली.

तिच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात नाटुकलं होतं आणि तारा त्यात राजा होणार होती. पडद्याआडून वाक्यं सांगायला मी हवी होते.

तिरुवल्लिकेणीच्या अरुंद गल्लीत रिक्षा शिरली. एकट्या नोकरदारांच्या जुन्या मॅन्शनांच्या कठड्यांवर लुंग्या वाळत होत्या आणि मधूनच समुद्राचा खारा वारा येत होता. दारात तिची नणंद उभी होती. निवृत्त शिक्षिका, सगळे अक्का म्हणतात.

"प्रवास बरा जाला की? आधी जेवा, मग बोला," अक्का म्हणाल्या. आंबट सार, भात आणि डांगर पचडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर). मी दोनदा भात मागून घेतला.

जेवणानंतर शाळेचा विषय निघाला. नववीच्या स्नेहसंमेलनातही तारा राजाच होती. रंगीत तालमीच्या दिवशी तिचे वडील आले आणि सगळ्यांदेखत तिला हाताला धरून घरी घेऊन गेले. चिकटवलेली मिशी तिने रस्त्यातच उपटून टाकली होती.

"बाबांनी माझ्या नाटकावर हरताळ फासला, तो कायमचाच," तारा म्हणाली.

"हरताळ?" अक्कांनी मान वर केली. "ते तर आमचं अरिदारम!"

मग त्यांनी समजावलं. हरताळ हा पिवळाधमक खनिज दगड. पोथीत चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देत आणि त्यावर पुन्हा लिहीत. म्हणून मराठीत हरताळ फासणं म्हणजे असलेलं नाहीसं करणं. तमिळ मुलखात मात्र नट तोच दगड उगाळून तोंडाला लावीत. आता दगड गेला, नाव राहिलं. अरिदारम पूसणं (लावणं) म्हणजे रंग लावून नाटकात उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा मला कोपऱ्यावरच्या नाट्टु मरुंदु कडैत (देशी औषधांच्या दुकानात) घेऊन गेली. अरिदारम म्हणताच दुकानदाराने विचारलं, "नाडगमा?" (नाटक आहे का?) त्याने बरणी दाखवली, उघडली नाही. "विषम (विष आहे), अम्मा. विकत नाही." आत अभ्रकासारखे पापुद्रे असलेले सोनेरी खडे होते. जन्मभर तो शब्द वापरला, वस्तू तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी मेट्रोने अण्णा नगरच्या हॉलवर गेलो. अक्का ट्यूबमधला रंग ताराच्या गालांवर लावत होत्या. एकाएकी ताराने त्यांचा हात धरला.

"पुसा हे. मज जमायचं नाही."

"इथं कोण येतंय तुज ओढून न्यायला? डोळे मीट," अक्का म्हणाल्या आणि कपाळाला रंग लावू लागल्या.

ती गेली रंगमंचावर. पहिला प्रवेश उत्तम झाला. दुसऱ्यात, भर दरबारात, ती अडखळली. मी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ऐकू आलं नसावं. हॉलमध्ये खुर्च्या वाजू लागल्या.

आणि तारा तमिळमध्ये बोलू लागली. सावकाश, मग भरभर, मग हात उंचावून. पुढच्या रांगांतली तरुण मुलं मोबाइल खाली ठेवून हसू लागली, टाळ्या वाजवू लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी विंगेत कागद हातात धरून नुसती उभी होते, आणि डोळे भरून आले होते.

परतताना गाडी सुटेपर्यंत ती खिडकीशी बोलत राहिली, निम्मं मराठी, निम्मं तमिळ. जुनी मैत्रीण भेटेल म्हणून मी गेले होते. भेटली ती चेन्नईची एक बाई, आणि ती मला फार आवडली. मिरजेची तारा मात्र आता तिच्याकडेही नाही. ती एकट्या माझ्याजवळ राहिली आहे.