बाप्पाकाकांचा ट्रक

बाप्पाकाका घरात एक मराठी बोलत आणि ट्रकमध्ये दुसरी. काकू पुण्याच्या, त्यामुळे घरात सगळं कसं छापील. पण गॅरेज उघडून जुन्या पिकअपमध्ये बसले आणि रेडिओचं बटन दाबलं, की आतला अमरावतीकर जागा व्हायचा. "हाव बाप्पा, निघालो! कुठी हायेस बे पुणेकर?" प्रत्येक वाक्यात एक तरी बाप्पा, म्हणून हे नाव पडलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अमेरिकेत ट्रॉयमध्ये राहून जवळच्या डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यात नोकऱ्या करणारे आम्ही तिघं ट्रकवेडे होतो: काका, एक कोल्हापूरकर आणि पुणेकर मी. बाकीचे मराठी इंजिनिअर शहाण्यासारख्या मोटारी घेत. आम्ही मागे उघडा हौदा असलेले पिकअप ट्रक घेतले. वाहून न्यायला सामान कोणाकडेच नव्हतं. गणपतीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मात्र न सांगता आमच्या माथी येत. तिन्ही ट्रकांत ट्रकवाल्यांचा रेडिओ होता. चार-पाच मैलांच्या आत असलं, की एकमेकांशी बोलता येई.

काकांचा नियम असा, की रविवारी आमच्या चॅनेलवर इंग्रजी नाही. ज्यानं त्यानं आपापल्या गावचं बोलायचं. इंजिनाच्या भागांना तेवढी माफी. चुकला त्यानं पुढच्या रविवारी थर्मासभर चहा आणायचा. कोल्हापूरकर "लई भारी पळतंय की वो माझं!" म्हणून ओरडला, की काका विचारत, "भांडून राह्यला का सांगून राह्यला बाप्पा?" मध्येच एखादा टेनेसीचा ट्रकवाला गावरान इंग्रजीत शब्द लांबवत आमच्यात घुसे. काका खूश होत. "हा पाह्य, यांच्यातला वऱ्हाडी!"

माझ्यावर त्यांचा विशेष राग, म्हणजे लोभ. त्या रेडिओवर बटन दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं असतं. माझं वाक्य संपेपर्यंत मी बटन सोडत नसे, आणि माझं वाक्य लवकर संपत नसे. "पुणेकराले फक्त बोलता येते बाप्पा, आयकता नाही येत." एकदा भर दुपारी बर्फात माझा ट्रक घसरून खड्ड्यात गेला. मी रस्ता, दिशा, कारण असं सगळं सविस्तर निवेदन केलं आणि एकदाचं बटन सोडलं. काका म्हणाले, "पाच मिनिटांपासून सांगून राह्यलो, तुह्या मागंच उभा हाय. साखळी बी काढून ठेवली!"

त्या दिवशी माझा ट्रक ओढून काढल्यावर चहा पिताना ते जरा गंभीर झाले. "घरी बायकोचं बोलतो, हापिसात सायबाचं. पोरगी इंग्रजीत उत्तर देते. आपलं बोलाले हा ट्रकच हाय. तू एकदा आमचं बोलून पाह्य ना बाप्पा." मी हसून म्हणालो, "काका, आम्हाला नाही हो जमायचं ते." जमलं असतं. मला कमीपणा वाटे, एवढंच. आज त्याची लाज वाटते.

मग त्यांच्या कंपनीत माणसं कमी केली, त्यात काकांची नोकरी गेली. सहा महिन्यांनी ॲरिझोनात चँडलरला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात काम मिळालं. काकू आणि मुलगी विमानानं पुढे गेल्या. काका ट्रक घेऊन निघाले. आम्ही दोघं आपापले ट्रक घेऊन ओहायोच्या हद्दीपर्यंत गेलो. वाटेत काका सगळ्यांची टिंगल करत होते. हद्दीच्या अलीकडच्या एक्झिटला आम्ही वळलो. ते सरळ गेले.

"तिकडं कोनाशी बोलू बाप्पा?" रेडिओवर आवाज आला. टिंगल संपली होती.

 मी बटन दाबलं आणि त्यांच्या बोलीत विचारलं, "काका, काहून जाऊन राह्यले जी तुम्ही?" एवढंच. आणि बटन सोडलं.

 खरखरीतून तुटक आवाज आला. "चुकीचा सूर लावला बाप्पा... पन आपला वाटला."

पुढे त्यांचं काहीतरी चालू राहिलं, शब्द कळत नव्हते. घराकडे परतताना, तो आवाज पार विरेपर्यंत, मी माइक हातात धरून होतो. बटनाला हात लावला नाही.