सुटी ठेवलेली तार

मनवेलपाड्यात शाळेचे विज्ञान प्रकल्प तयार करून विकणारा एक दुकानदार आहे. कानावर पेन्सिल, बोटांवर सुकलेला गोंद. मुलीसाठी त्याच्याकडून दीपस्तंभ आणला, तर त्याचा दिवा पेटेना. मी तावातावाने दुकान गाठलं.

"साहेब, एक तार मुद्दाम सुटी ठेवतो. तेवढी तरी पोरीला जोडू द्या."

खजील होऊन परतलो आणि पोरगी बिघडवेल म्हणून तार मीच जोडली. बक्षीस मिळालं. "बाबा, हे तुमचंच," म्हणत तिने ते माझ्या हातात ठेवलं.

यंदा धाकटीसाठी गेलो.

"आता सगळ्या तारा जोडूनच देतो," तो मान वर न करता म्हणाला. "आईबाप भांडायला येतात."

त्यांतला एक मी, हे त्याने ओळखलं नाही.